शिक्षकांच्या वेलबीइंगचं काम वेळापत्रकापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३८ शिक्षकांची माध्यमिक शाळा, तुम्ही मुख्याध्यापक. ‘स्टाफच्या वेलबीइंगसाठी काहीतरी करा’ असं संस्थाचालकांनी सांगितल्यावर वर्षभरात तुम्ही शनिवारी ध्यानाची सत्रं घेतलीत, एक प्रेरणादायी वक्ता बोलावलात, स्टाफरूममध्ये कृतज्ञता फलक लावलात आणि दर महिन्याला ‘उत्तम शिक्षक’ निवडायला लागलात. आता सत्रांना सात-आठ जण येतात, फलकावर कुणीतरी ‘आम्हाला वेळ द्या’ अशी चिठ्ठी लावली आहे, एकेक दिवसाच्या रजा वाढल्यात आणि दोन चांगल्या शिक्षकांनी राजीनामे दिलेत. सकारात्मक मानसशास्त्रातलं, म्हणजे माणसं कशामुळे आनंदी राहतात आणि फुलतात याच्या अभ्यासातलं, आणखी काय वापरता येईल आणि शिक्षकांना यात सहभागी कसं करून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

सहभागाचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. शिक्षक येत नाहीत ही अडचण नाही, ती माहिती आहे, आणि तुमच्याकडे असलेल्या सगळ्या माहितीत तीच सर्वांत प्रामाणिक आहे. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: शिक्षकांच्या आठवड्यात अशी कोणती कामं आहेत की त्यांना शनिवारचं ध्यानही आणखी एक ड्यूटी वाटावी? आधी तिकडे बघू, मग सकारात्मक मानसशास्त्राकडे येऊ. त्यातलं बरंच उपयोगी आहे, पण ते कोणत्या क्रमाने आणायचं याला महत्त्व आहे.

आधी एक अट. पगार वेळेवर होत नसेल, नोकरी टिकेल की नाही हे दर वर्षाअखेरीला कळत असेल, किंवा वरच्या पदावरची एखादी व्यक्ती लोकांना चारचौघांत अपमानित करत असेल, तर पुढचं काहीही चालणार नाही. त्या गोष्टी आधी सोडवाव्या लागतात आणि त्यांचं नाव वेलबीइंग नाही. शिवाय वेळापत्रक, तपासणीचे नियम आणि बैठका यांतलं किती तुमच्या हातात आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. माझ्या अनुभवात मुख्याध्यापकांना वाटतं त्यापेक्षा जास्त त्यांच्या हातात असतं, पण शाळेगणिक फरक पडतो.

आता क्रम का महत्त्वाचा ते सांगतो. मार्टिन सेलिग्मन १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि सकारात्मक मानसशास्त्र या नावाने एक दिशा पुढे आली. शाळांमध्ये ती आली ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी. काम करणाऱ्या प्रौढांसाठी त्यातलेच व्यायाम उचलले गेले, पण नोकरी करणाऱ्या माणसाबद्दलचं जास्त उपयोगी आकलन शेजारच्या शाखेत, कामाच्या मानसशास्त्रात, आहे. डेमेरूटी, बेकर, नाखरायनर आणि शाउफेली यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रारूपात कामाचे दोन भाग केले आहेत. एक म्हणजे कामाच्या मागण्या, म्हणजे वेळेचा दाब, गोंगाट, कागदपत्रं, त्रासदायक प्रसंग. दुसरा म्हणजे कामातली साधनं: स्वतः निर्णय घेण्याची मुभा, सहकाऱ्यांचा आधार, काम कसं चाललंय याची खबर, शिकायची संधी. मागण्या जास्त झाल्या की माणूस थकतो. साधनं कमी पडली की त्याचं कामातून मन उडतं. ही दोन वेगवेगळ्या वाटांनी होणारी झीज आहे.

साधनं मागण्यांचा मार थोडा सौम्य करतात हे खरं. पण आठवड्याला दहा तासांचं फालतू काम तसंच ठेवून वर कृतज्ञता फलक लावला तर थकवा कमी होत नाही. उलट ‘यांना कळतच नाही’ असा समज पक्का होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित घटना म्हटलं आहे, आणि कारण दिलंय ते कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला, नीट न हाताळलेला ताण. लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही ही भावना. संस्थाचालकांसमोर ही व्याख्या वाचून दाखवा. ‘शिक्षकांना ताण हाताळायला शिकवा’ या मागणीला ती आपोआप उत्तर देते.

आणखी एक अभ्यास हाताशी ठेवा. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली होती. ध्यानसत्रं, मानसिक लवचिकतेची प्रशिक्षणं, वेलबीइंगची अॅप्स अशा व्यक्तीला उद्देशून असलेल्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात फायद्याच्या बाजूने फरक दिसला नाही. अपवाद होता तो स्वयंसेवी कामाच्या संधींचा. ही एकाच वेळी घेतलेली पाहणी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. ध्यानाने कुणालाच फायदा होत नाही असाही याचा अर्थ नाही. पण सगळा खर्च आणि सगळी आशा तिथेच लावू नये एवढं त्यातून नक्की निघतं.

तर सुरुवात मोजणीपासून. लांबलचक प्रश्नावली नको. पाच विधानांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे, डब्ल्यूएचओ-५ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत आपण आनंदी, शांत, उत्साही होतो का, झोपेतून ताजेतवाने उठलो का, दिवस रस वाटेल अशा गोष्टींनी भरलेला होता का, अशी विधानं असतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याखालचा आकडा लक्ष द्यायला हवं असं सांगतो. ही निदानाची चाचणी नाही. निनावी घ्या, फक्त पूर्ण शाळेची सरासरी आणि ५० किंवा त्याखाली किती जण एवढंच बघा. विभागवार आकडे काढू नका: विज्ञानाचे पाच शिक्षक असतील तर कुणाचा आकडा कोणता हे सगळ्यांनाच कळतं आणि पुढच्या वेळी सगळे ‘छान, छान’ लिहितात. पेपर तपासणीच्या आठवड्यात किंवा सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी घेऊ नका, दोन्ही वेळा आकडा फसवा येतो.

याच्या खाली दोन मोकळे प्रश्न जोडा. गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या कामात वेळ वाया गेला असं वाटलं? आणि शाळेत कोणती गोष्ट चांगली चाललीय, जिला हात लावू नये? दुसरा प्रश्न लोक गाळतात. तो ठेवाच, नाहीतर सुधारणेच्या उत्साहात नेमकी लोकांना आवडणारी गोष्ट मोडते. आणि उत्तरं मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, आलं तसं, स्टाफसमोर मांडा. पाहणी घेऊन गप्प बसणं हे पाहणी न घेण्यापेक्षा वाईट आहे.

दुसरी मोजणी वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात डोळे उघडणारी. एक उदाहरण कागदावर करून बघा. आठवड्याला ४० तासिका, प्रत्येकी ४० मिनिटांची. शिक्षकाकडे २९ तासिका शिकवायच्या, म्हणजे ११ मोकळ्या. त्यातल्या सरासरी ४ प्रॉक्सीत, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यात, जातात. उरल्या ७, म्हणजे २८० मिनिटं. आता वह्या: चार तुकड्या, प्रत्येकी ४० मुलं, १६० वह्या. एका वहीला फक्त दोन मिनिटं धरली तरी ३२० मिनिटं. म्हणजे ‘दर आठवड्याला वही तपासलीच पाहिजे’ हा एकच नियम शिक्षकाच्या सगळ्या मोकळ्या तासिका खाऊन वर ४० मिनिटं घरी पाठवतो. टाचण, प्रश्नपत्रिका, पालकांचे फोन, निकालपत्रकं, कार्यक्रमाची तयारी यातलं काही अजून मोजलेलंच नाही. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशेब तीन-चार शिक्षकांना सोबत घेऊन त्यांच्या खऱ्या वेळापत्रकावर करा. अर्ध्या तासाचं काम आहे. ‘आम्हाला वेळ द्या’ म्हणजे नक्की किती मिनिटं, हे तेव्हा कळतं.

मग काढून टाकायचं काम. स्टाफ मीटिंगमध्ये ‘काय कमी करू सांगा’ असं विचारलं तर दोन गोष्टी होतात: बहुतेक जण गप्प बसतात आणि दोघे-तिघे जुनी भांडणं काढतात. त्यापेक्षा शाळेत शिक्षक जे जे लिहितात, भरतात, जमा करतात त्या प्रत्येक कागदाची यादी करा आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहा. हा कोण वाचतं? तो वाचून कोणता निर्णय बदलतो? ज्याला दोन्ही उत्तरं नाहीत तो बंद करण्याच्या ढिगात. उत्तर आहे पण दर आठवड्याला गरज नाही, तो कमी वेळा करण्याच्या ढिगात. बाकीचे तसेच. बाहेरून सक्तीने आलेले कागद वेगळे काढा, त्यांच्याशी आत्ता भांडू नका. यादी पूर्ण झाली की बहुतेक शाळांना एक शोध लागतो: सक्तीचा अहवाल एकच असतो, पण ‘असू दे, पुढे लागला तर’ म्हणून शाळेने स्वतःच त्याच माहितीचे आणखी दोन तक्ते सुरू केलेले असतात. हजेरीपटात, मग एका शीटमध्ये, मग वर्गशिक्षकाच्या वहीत, एकच आकडा तीनदा.

हे ‘कायमचं बंद’ म्हणून जाहीर करू नका. ‘सहा आठवडे थांबवून बघतो’ म्हणा. संस्थाचालक प्रयोगाला होकार देतात, धोरणबदलाला बैठक लावतात. सहा आठवड्यांनी ज्या कागदाची कुणालाच आठवण आली नाही तो गेला. वह्यांच्या बाबतीत संपूर्ण तपासणी महिन्यातून एकदा आणि मधल्या आठवड्यांत आठ-दहा वह्या निवडून, त्यांतल्या सामाईक चुका वर्गात फळ्यावर, अशी व्यवस्था बहुतेक विषयांत चालते. भाषेत ती जपून करावी लागते, कारण लेखन सुधारायचं तर प्रत्येकाचं वाचावं लागतं. मग भाषेच्या शिक्षकांना दुसरीकडे सूट द्या.

आणि एक कायमचा नियम: नवं काम आणायचं असेल तर त्याच बैठकीत जुनं कोणतं जाणार ते सांगायचं. हा नियम तुम्ही स्वतः दोनदा पाळलात की तिसऱ्यांदा शिक्षकच आठवण करून देतील. त्या वेळी रागावू नका.

प्रॉक्सीकडे वेगळं लक्ष हवं, कारण स्टाफरूममधली निम्मी कटुता तिथून येते. त्रास एकूण संख्येचा असतो त्याहून अनिश्चिततेचा आणि अन्यायाचा जास्त. मोकळ्या तासिकेत वह्यांचा गठ्ठा उघडून बसलेल्या शिक्षकाला शिपाई येऊन चिठ्ठी देतो, ‘नववी क, आत्ता’. ती ४० मिनिटं तर गेलीच, पण आधीच्या तासिकेतही ‘आपल्यावर येईल का’ या धाकाने काम होत नाही. त्यातही पर्यवेक्षकाला घाई असते तेव्हा तो नाही न म्हणणाऱ्याकडेच जातो. म्हणजे ज्यांच्यावर शाळा चालते त्यांनाच सर्वांत जास्त दंड बसतो, आणि मग नेमके तेच राजीनामा देतात.

यावर उपाय साधे आहेत. पहिली तासिका सुरू होण्याआधी दिवसाचा तक्ता लावायचा. प्रत्येकाच्या या सत्रात किती प्रॉक्सी झाल्या याचा आकडा त्याच तक्त्यात सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. प्रत्येकाची दिवसातली एक मोकळी तासिका राखीव धरायची, ती खऱ्या अडचणीशिवाय घ्यायची नाही. राखीव तासिका मोडावीच लागली तर त्याच आठवड्यात परत द्यायची. पहिले दोन आठवडे पर्यवेक्षकांची ओढाताण होईल, दोन तुकड्या ग्रंथालयात एकत्र बसवाव्या लागतील. ते चालेल.

संध्याकाळचे संदेश हा तिसरा मुद्दा. मानसशास्त्रज्ञ सबीना सोनेन्टाग यांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट अशी की कामानंतर शक्ती भरून यायची तर मन कामातून सुटायला हवं. घरी जाऊन सोफ्यावर बसणं पुरत नाही, डोक्यातून शाळा जायला हवी. रात्री पावणेदहाला ग्रुपवर ‘उद्या सकाळी याद्या आणणे’ असा संदेश पडला की ती सुटका तिथेच संपते. ‘सहानंतर संदेश नाही’ हा नियम बहुतेक शाळा करतात आणि बहुतेक ठिकाणी तो महिन्याभरात मरतो. कारण ठरलेलं असतं: मुख्याध्यापकांना रात्री काहीतरी आठवतं, ते ‘घाई नाही, उद्या बघा’ असं लिहून पाठवतात, दोन उत्साही जण लगेच ‘ओके सर’ लिहितात, आणि न लिहिणाऱ्या छत्तीस जणांना आपण कमी पडलो असं वाटू लागतं. म्हणून रात्री सुचलेलं लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा, किंवा वेळ ठरवून पाठवायची सोय वापरा. ग्रुपवर पोच द्यायची नाही असं ठरवा. खरंच तातडीचं असेल तर फोन. फोन करायला माणूस दोनदा विचार करतो, तीच त्यातली चाळणी. पालकांनाही हीच वेळ कळवा, आणि ती शाळेच्या नावाने कळवा, एकेका शिक्षकाला पालकांशी भांडायला लावू नका.

इथवर सकारात्मक मानसशास्त्र फारसं आलंच नाही. पण वेळ मोकळा करणं, निश्चितता आणणं, मन सुटू देणं, हे तीन पाय जागेवर आले की मग त्याचं काम सुरू होतं. आता ते बघू.

आधी तुमच्या फलकाबद्दल, कारण तो का फसला यात शिकण्यासारखं बरंच आहे. कृतज्ञतेवरचा नावाजलेला प्रयोग एमन्स आणि मॅक्‌कलो यांचा, २००३ मधला. त्यात लोक स्वतःपुरतं लिहीत होते. तो काही चारचौघांत, वरिष्ठांच्या नजरेखाली लावायचा फलक नव्हता. खासगी सवय सार्वजनिक केली की तिचं स्वरूपच बदलतं: कुणी लिहिलं, कुणी नाही, कुणाचं नाव आलं, कुणाचं राहिलं. त्यात शिक्षकी पेशाची एक खास अडचण. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये भावनिक श्रमाची कल्पना मांडली. पगाराच्या बदल्यात चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवावे लागणं, हेही श्रमच. शिक्षक दिवसभर ते करतात. डोकं दुखत असताना सातव्या तासाला उत्साहाने शिकवायचं, उद्धट उत्तर ऐकून शांत राहायचं, पालकांसमोर संयम ठेवायचा. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, हा प्रकार थकव्याशी जोडलेला आहे हे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं. स्टाफरूम ही शाळेतली एकमेव जागा, जिथे चेहरा सैल सोडता येतो. तिथेच आनंदी दिसायचा फलक लावला की ती जागाही गेली. त्यामुळे फलक काढा, गाजावाजा न करता. त्या चिठ्ठीला मात्र उत्तर द्या, वेळेचा हिशेब आणि राखीव तासिका जाहीर करून. चिठ्ठी कुणाची हे शोधू नका.

‘उत्तम शिक्षक’ही थांबवा. दर महिन्याला एकजण खूश होतो, तोही अवघडून, आणि ३७ जणांना न निवडल्याचं पत्र मिळाल्यासारखं होतं. बक्षिसापेक्षा नेमकी दाद जास्त काम करते, आणि तिला खर्च नाही, फक्त पाय हवेत. रोज दोन वर्गांत दहा-दहा मिनिटं जा. हातात फॉर्म नको, वही नको. त्याच दिवशी, एकट्याला गाठून, पाहिलेली एकच गोष्ट सांगा. ‘छान शिकवता’ असं नाही. असं: ‘आठवी ब मध्ये चुकीचं उत्तर तुम्ही पुसलं नाहीत, फळ्यावर तसंच ठेवून हे कुठपर्यंत बरोबर आहे असं विचारलंत. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या दोघांनी हात वर केले.’ यात काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, दोन्ही आहे. शिक्षकाला आपलं काम कुणीतरी पाहिलं हे कळतं, आणि हीच ती ‘काम कसं चाललंय याची खबर’, वर म्हटलेल्या साधनांतलं एक. रोज दोन या हिशेबाने ३८ जण १९ शालेय दिवसांत होतात. नावांची यादी ठेवा, नाहीतर आवडत्या सहा जणांकडेच पावलं वळतात. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांनाही यादीत घ्या. त्यांना दाद द्यायची कुणाला आठवणच नसते. आणि या भेटीत दादेला सूचना चिकटवू नका. ‘छान झालं, पण...’ म्हटलं की ऐकणाऱ्याला फक्त ‘पण’ नंतरचं ऐकू येतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही दारात दिसलात की वर्ग अवघडतो. सूचना द्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळी.

याहून लहान, पण माझ्या मते फार कमी वापरली गेलेली गोष्ट म्हणजे चांगल्या बातमीला आपण देतो ते उत्तर. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की आपली चांगली बातमी सांगितल्यावर समोरच्याने मनापासून, उत्सुकतेने प्रतिसाद दिला तर सांगणाऱ्याला बातमीच्या आनंदापलीकडे आणखी काही मिळतं, नातंही घट्ट होतं. स्टाफरूममध्ये ऐकू येतं ते असं: ‘आज त्या मुलाने पहिल्यांदा अख्खा परिच्छेद न अडखळता वाचला.’ ‘अरे वा. बरं, निकालपत्रक झालं का तुमचं?’ बातमी तिथेच मेली. त्याऐवजी ‘कसं जमलं? काय वेगळं केलंत?’ एवढे दोन प्रश्न विचारले असते तर वीस सेकंद गेली असती, आणि शेजारच्या शिक्षकाला एखादी युक्तीही मिळाली असती. हे प्रशिक्षणाने शिकवायची गरज नाही. तुम्ही आणि पर्यवेक्षक महिनाभर जाणीवपूर्वक असे वागलात तर ते पसरतं.

निवडीची मुभा ही पुढची गोष्ट. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: स्वतः ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि आपलेपणा. शाळेत पहिली सर्वांत आधी मारली जाते. तुम्ही सगळं मोकळं सोडू शकत नाही, पण निवडी देऊ शकता. मैदानावरची ड्यूटी की ग्रंथालयाची, वर्षात कोणती दोन कौशल्यं शिकायची, कोणत्या समितीत जायचं, टाचण कोणत्या स्वरूपात लिहायचं. रेझ्नेस्की आणि डटन यांनी २००१ मध्ये मांडलेला विचार असा की माणसं आपलं काम स्वतःच थोडं आकार देऊन घेत असतात. त्यांना ते उघडपणे करू द्या. ज्याला नाटक आवडतं त्याच्याकडे वार्षिक कार्यक्रम द्या, पण त्याबदल्यात त्याची परीक्षा समिती काढून घ्या. हा दुसरा भाग विसरला की आवडीच्या नावाखाली माणूस पिळला जातो, आणि आवडीमुळे तो तक्रारही करत नाही.

आधारासाठी गप्पांच्या पार्ट्यांपेक्षा छोटे कामाचे गट बरे. तीन-चार शिक्षक, दोन आठवड्यांतून एकदा, एक तासिका, वेळापत्रकात बसवलेली. शाळा सुटल्यावर ठेवली तर ती सुरू होण्याआधीच संपली समजा. एकजण वर्गातली एक अडचण पाच मिनिटांत मांडतो. बाकीचे दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारतात. मग पंधरा मिनिटं ते आपसात उपाय बोलतात आणि मांडणाऱ्याने गप्प राहून ऐकायचं, मध्ये स्वतःचं समर्थन करायचं नाही. शेवटी तो काय करून बघणार ते सांगतो. उरलेली मिनिटं चहाला. गटातलं बोलणं तुमच्यापर्यंत येणार नाही हे तुम्ही स्वतः जाहीर करा आणि कधीही ‘काय बोललात’ असं विचारू नका.

इथे एक सावधगिरी. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, कारण तिथे लोक चुका उघड सांगायला घाबरत नव्हते. तुमच्याकडेही पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतील. ते बिघडण्याचं लक्षण समजून घाबरू नका. आधी त्या जिन्यात बोलल्या जात होत्या, आता तुमच्यापर्यंत येताहेत.

ध्यानसत्रं हवी असणारे सात-आठ जण आहेत ना, त्यांच्यासाठी ती चालू ठेवा. ऐच्छिक, हजेरी न घेता, आणि कामाच्या वेळेत. शनिवारी नको. वक्त्यांच्या बाबतीत एक छोटी परीक्षा सांगतो. नकारात्मक भावनेला साधारण तीन सकारात्मक भावना हे ‘वैज्ञानिक’ प्रमाण कुणी पडद्यावर दाखवलं तर समजा की त्यांचं वाचन जुनं आहे. २००५ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि लोसादा यांनी २.९ चा उंबरठा मांडला होता, पण त्यामागचं गणित २०१३ मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी खोडून काढलं. सकारात्मक भावनांचं महत्त्व त्याने संपत नाही, तो आकडा मात्र संपला. शाळेत तो लावला तर लोक खऱ्या तक्रारी दाबून तीन गोड वाक्यं जुळवत बसतात.

या सगळ्याच्या बाहेरची एक गोष्ट. एखादी व्यक्ती दोन आठवड्यांहून जास्त काळ खचलेली दिसते, झोप-जेवण बिघडलंय, आवडीच्या गोष्टींतही मन नाही, तर हा राखीव तासिकेचा प्रश्न नाही. एकांतात, थेट, पण निदान न करता विचारा, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला वेळ आणि रजा द्या, आणि ती गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. जीव देण्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी व्यावसायिक मदत मिळवून द्या, तोवर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. मुख्याध्यापकाने समुपदेशक व्हायचं नसतं. ज्याच्या हातात आपलं मूल्यमापन आहे त्याच्यापुढे कुणी पूर्ण मोकळं होत नाही.

क्रम पुन्हा एकदा सांगतो, कारण सगळं एकदम सुरू करण्याचा मोह होईल. पहिले दोन आठवडे दोन्ही मोजण्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निष्कर्ष स्टाफसमोर, कागदांची यादी, सहा आठवड्यांचा प्रयोग जाहीर, प्रॉक्सीचा तक्ता आणि संदेशांचा नियम सुरू. वर्गांना भेटी तुम्ही उद्यापासून सुरू करू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. निवडी आणि गट पुढच्या सत्रापासून, वेळापत्रक नव्याने बसवताना. मधल्या काळात नवा उपक्रम नको, कितीही छान वाटला तरी.

संस्थाचालकांना दाखवायला काय, असंही तुमच्या मनात असेल. चार आकडे पुरेत: एक-एक दिवसाच्या रजा, एकूण प्रॉक्सी, राखीव तासिका किती वेळा मोडल्या, आणि डब्ल्यूएचओ-५ ची सरासरी. ही सरासरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात घेतलेल्या सरासरीशी ताडा. सत्राच्या सुरुवातीचा आकडा परीक्षेनंतरच्या आकड्याशी ताडलात तर ऋतुमान मोजाल, बदल नाही. राजीनाम्यांचा आकडा मात्र यात घालू नका. ३८ जणांत वर्षाला दोन की एक, हा फरक लग्न, बदली, घर बदलणं अशा कशानेही पडतो. त्याऐवजी जाणाऱ्या प्रत्येकाशी शेवटच्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी, सगळे कागद हातात पडल्यावर, तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी अर्धा तास बोलावं: कोणत्या आठवड्यात जायचं ठरवलंत, आणि त्या आठवड्यात काय चाललं होतं. ज्या दोन शिक्षकांनी राजीनामे दिलेत त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.